हट्ट मोडण्याआधी निदान सांगा

वाचकाचे पत्र, थोडक्यात: सांगली जिल्ह्यातील एका द्राक्षबागायतदार कुटुंबातील ५४ वर्षांच्या गृहिणीचे हे पत्र आहे. त्यांचे यजमान ५९ वर्षांचे. रात्रीच्या विजेवर मोटर सुरू करायला ते विहिरीवर गेले असताना त्यांच्या छातीत जळजळ झाली आणि दरदरून घाम सुटला. पित्त झाले असेल असे समजून त्यांनी सोडा घेतला आणि पहाटेपर्यंत कोणालाही काही सांगितले नाही. सकाळी पुतण्याने गाडीतून रुग्णालयात नेले, तेव्हा अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी पूर्ण बंद आढळली आणि त्याच दिवशी अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवण्यात आला. दुसऱ्या एका वाहिनीत मध्यम स्वरूपाचा अडथळा आहे आणि हृदयाचे पंपिंगही कमी झाले आहे. डॉक्टरांनी ही माहिती पत्नीला आणि मुलाला दिली. पण ऐकून ते खचतील, या भीतीने दोघांनी ती यजमानांना सांगितलेली नाही. घरी आल्यावर यजमान दुचाकीवरून बागेत जाऊ लागले आहेत, रात्रीच्या गोळ्या ‘गरम पडतात’ म्हणून टाळतात, सुटलेली तंबाखू पुन्हा सुरू झाली आहे आणि कमी मिठाचे ताट परत येते. एका नातेवाइकाने सगळे ब्लॉकेज विरघळवणारा लसूण-आल्याचा काढा सुचवला आहे. पुण्यातला मुलगा रोज फोन करून ‘आई, तुझं लक्ष कुठे असतं?’ असे विचारतो. या ताई रात्री उठून यजमानांचा श्वास चालू आहे ना, हे पाहतात. ‘ह्यांचा हट्ट कसा मोडू?’ हा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर:

ताई, तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी तुमच्याच पत्रातील एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. दुसरा अडथळा आणि कमी झालेले पंपिंग यांविषयी यजमानांना काही सांगितलेले नाही, असे तुम्ही ओघात लिहून गेला आहात, आणि लगेच पुढे ते आजार गांभीर्याने घेत नाहीत अशी तक्रार केली आहे. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहा. त्यांच्या माहितीप्रमाणे एक नस बंद झाली होती, डॉक्टरांनी ती उघडली, स्प्रिंग बसवली आणि विषय संपला. एवढेच ठाऊक असलेला कोणताही कष्टाळू माणूस फळछाटणीनंतरच्या ऐन धोक्याच्या दिवसांत बाग वाऱ्यावर सोडून अंथरुणावर पडून राहणार नाही. तुम्हाला जो हट्ट दिसतो, त्यातला काही भाग स्वभावाचा असेलही. इतक्या वर्षांच्या संसारानंतर ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. पण त्यातला बराचसा भाग म्हणजे अपुऱ्या माहितीवर मांडलेला, त्यांच्या दृष्टीने अगदी रास्त असा हिशेब आहे, असे मला वाटते.

रुग्णाला खाटेवर ठेवून नातेवाइकांना बाजूला बोलवायचे आणि निदान त्यांना सांगायचे, ही रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिच्याबद्दल कोणाला प्रश्नही पडत नाही. तुम्ही आणि तुमच्या मुलाने जे केले ते मायेपोटी केले, यात मला शंका नाही. मात्र त्याची किंमत सध्या तुम्ही दोघेही मोजत आहात. त्यांना धोका ठाऊक नाही, त्यामुळे तुमची प्रत्येक सूचना त्यांना विनाकारण लावलेली कटकट वाटते. तुम्हाला धोका ठाऊक आहे पण बोलता येत नाही, त्यामुळे तुमची भीती गोळीच्या, मिठाच्या आणि दुचाकीच्या भांडणातून बाहेर पडते. शिवाय ही गोष्ट फार काळ लपून राहणारी नाही. फाईल घरातच आहे, पुतण्याला सगळे माहीत आहे, आणि उद्या एखाद्या पाहुण्याच्या तोंडून त्यांना ते कळले, तर त्यानंतर तुम्ही सांगितलेल्या चांगल्या बातमीवरही त्यांचा विश्वास बसणार नाही.

तेव्हा पहिले काम हेच. पण ते तुम्ही एकटीने, रात्रीच्या जेवणानंतर, रडत रडत करू नका. फेरतपासणीची तारीख लांब असेल तर फोन करून ती अलीकडे घ्या. अँजिओग्राफीची सीडी आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. आत जाण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा त्यांच्या सहायकांना निरोप द्या की, रुग्णाला पूर्ण निदान सांगितलेले नाही आणि ते आज डॉक्टरांनी स्वतः त्यांच्याशी बोलून, पडद्यावर दाखवून सांगावे अशी आमची इच्छा आहे. तपासणीच्या खोलीत खुर्ची त्यांना द्या, प्रश्न त्यांना विचारू द्या, आणि ते चुकीचे उत्तर देत आहेत असे वाटले तरी मध्ये बोलण्याचा मोह आवरा. आपल्या हृदयाच्या नसा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला बायकोच्या तोंडून ऐकलेल्या दहा सूचनांपेक्षा जास्त कळते. परत येताना गाडीत कदाचित ते चिडतील, ‘मला का नाही सांगितलं?’ असे विचारतील. तेव्हा खरे ते सांगा: आम्ही घाबरलो होतो. बचाव करत बसू नका.

आणि हे सत्य तुम्ही मनात धरून बसला आहात तितके भयंकर नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर लगेच मोजलेले पंपिंग पुष्कळदा नियमित औषधांनी काही आठवड्यांत सुधारते, म्हणूनच डॉक्टर काही काळाने पुन्हा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगतात. मध्यम अडथळ्यावर अनेकदा औषधे आणि पथ्य एवढाच उपचार असतो. कोणाचे किती सुधारेल हे त्यांच्या डॉक्टरांनीच सांगायचे. मी डॉक्टर नाही आणि या सदरातील कोणतीही गोष्ट त्यांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. पण त्यांना सांगण्यासारखी आशा पुष्कळ आहे, आणि ती आशाही तुम्ही त्या निदानासोबत लपवून ठेवली आहे.

आता तुमच्या मनातील दुसऱ्या एका समजुतीविषयी. तुमच्या पत्रावरून दिसते की, त्यांनी महिना-दोन महिने घरात पूर्ण विश्रांती घ्यावी असे तुम्हाला वाटते. झटक्यानंतर आठवडेच्या आठवडे खाटेवर झोपवून ठेवण्याचा काळ केव्हाच मागे पडला. झालेली इजा भरून यायला हृदयाच्या स्नायूला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात हे खरे. पण त्या काळात बेताने वाढवत नेलेले चालणे हा उपचाराचाच भाग मानला जातो. सुरुवातीला सपाट जागी पाच-दहा मिनिटे, दिवसातून दोनदा. मग दर काही दिवसांनी थोडी वाढ. चालता चालता सोबतच्या माणसाशी सहज बोलता आले पाहिजे, ही साधी कसोटी. धाप लागली, चक्कर आली, छातीत दाटून आले, तर तिथेच थांबायचे. जेवणानंतर लगेच किंवा कडाक्याच्या थंडीत पहाटे चालायचे नाही. म्हणजे बागेत जाण्याच्या बाबतीत तुमचे यजमान अर्धे बरोबर आहेत, आणि हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकायला मिळाले तर बाकीच्या अर्ध्यावर बोलणे सोपे होईल.

बागेची कामे एकसारखी नसतात. मांडवाखालून चालत जाऊन पानामागे दावण्या (द्राक्षावरील बुरशीजन्य रोग) दिसतो का ते पाहणे, मजुरांना काम सांगणे, फवारणीचे वेळापत्रक ठरवणे, ही कामे आणि औषधाचा ड्रम उचलणे, फवारणीचा ब्लोअर जोडलेला ट्रॅक्टर खाचखळग्यांतून तासन्‌तास चालवणे, एसटीपीचा (फवारणी पंपाचा) पाइप ओढणे, ही कामे यांत मोठा फरक आहे. दोघांनी मिळून कागदावर बागेतील सगळी कामे लिहा आणि तो कागद डॉक्टरांसमोर ठेवून प्रत्येक कामापुढे ‘आता’, ‘सहा आठवड्यांनंतर’, ‘तपासणी करून’ असे काहीतरी लिहून घ्या. दुचाकीचाही त्यात उल्लेख असू द्या. ‘जड काम करू नका’ हे वाक्य शेतकऱ्याच्या काही उपयोगाचे नसते, कारण कोणते काम जड हे तो स्वतःच ठरवतो. तारीख मात्र त्याला पाळता येते. छाटणीपासूनचे दिवस मोजणाऱ्या माणसाला ते सांगावे लागत नाही.

एका गोष्टीवर मात्र तडजोड करू नका, आणि ती म्हणजे रात्रीची मोटर. वीज रात्रीची असते, पाणी द्यावेच लागते, हे सगळे मान्य. पण अंधारात, थंडीत, झोपमोड करून, विहिरीवर एकट्याने जाणे आणि तिथे काही झाले तर सकाळपर्यंत कोणालाही न कळणे, हेच तर त्या रात्री घडले. मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणारे स्टार्टर आता गावोगावी बसवलेले दिसतात. तो बसवून घ्या, किंवा या हंगामापुरती रात्रीची पाळी पुतण्याकडे द्या. मुलाला खर्च करायचाच असेल तर तो इथे करू द्या.

गोळ्यांबद्दल मी थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट तीच आहे. स्टेंट ही धातूची बारीक जाळी असते. तिच्यावर शरीराचे स्वतःचे आवरण तयार होईपर्यंत तिथे रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, आणि तशी गुठळी झाली तर उघडलेली वाहिनी अचानक पुन्हा बंद होऊ शकते. म्हणून झटक्यानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या सहसा वर्षभर देतात आणि त्यांपैकी एक पुढेही चालू ठेवतात. हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय त्या बंद करायच्या नाहीत. दात काढायचा असला तरी नाही, उपवास असला तरी नाही, आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून तर मुळीच नाही. कोलेस्टेरॉलची गोळी फक्त रिपोर्टमधला आकडा खाली आणण्यासाठी नसते. जे अडथळे अजून बारीक आहेत ते स्थिर ठेवण्याचे कामही ती करते. हे त्यांच्याच भाषेत सांगायचे तर, दावण्या पानावर दिसेपर्यंत थांबून मग फवारणी करणारा बागायतदार बाग गमावतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. ढग आले की ते आधीच फवारतात. या गोळ्या तशाच आधी करायच्या फवारण्या आहेत.

पण ‘गरम पडतात’ ही त्यांची तक्रारही उडवून लावू नका. या गोळ्यांपैकी काहींनी पोटात जळजळ होते, काहींनी थकवा येतो, रक्त पातळ करणाऱ्या एका गोळीने काहींना दम लागल्यासारखे वाटते. नेमके काय होते, कोणत्या गोळीनंतर होते, हे त्यांना विचारा, लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. गोळी बदलता येते, वेळ बदलता येते, पोटासाठी जोडीला दुसरी देता येते. ‘काही होत नाही, घ्या गुपचूप’ असे म्हटले की माणूस गोळी खिशात ठेवतो आणि बांधावर टाकतो, आणि आपण समजतो की औषध चालू आहे. आठवड्याचे कप्पे असलेली डबी आणा आणि ती त्यांनाच भरू द्या. तुम्ही फक्त रविवारी पाहा.

काढ्याविषयी स्पष्ट सांगते. लसूण, आले, लिंबू यांच्या काढ्याने रक्तवाहिनीत साचलेला अडथळा विरघळत नाही. स्वयंपाकात लसूण-आले घालायला कोणाचीच हरकत नसते, पण गोळ्यांऐवजी काढा घेणे जिवावर बेतू शकते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत असे काढे किंवा चूर्णे मोठ्या प्रमाणात घेण्याआधीही डॉक्टरांना विचारले पाहिजे. सुचवणाऱ्या नातेवाइकांशी वाद घालू नका. ‘डॉक्टरांना विचारून सांगते’ एवढे उत्तर पुरे.

तंबाखूच्या पुड्या लपवणे कृपा करून थांबवा. गावात पानटपरी आहे, शेतात मजुरांच्या खिशात चंची आहे. तुम्ही किती ठिकाणी पुरणार? विडी-सिगारेट नाही म्हणून तंबाखू-चुना चालतो, असा समज अनेकांचा असतो. तो खरा नाही. चघळलेल्या तंबाखूतील निकोटिनही हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवते. पण रुग्णालयात सुटलेली सवय घरी आल्यावर परत येणे हे कमकुवतपणाचे लक्षण नाही. सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत कठीण जातात आणि चिडचिड, बेचैनी, झोप न लागणे हे दोन-चार आठवडे चालू शकते. त्यांच्या तिरसटपणाचा काही भाग त्यातूनही येत असेल. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक आहे. तो तुम्ही लावू नका, त्यांना द्या. निकोटिनच्या च्युइंगमसारखी मदत घ्यायची का, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

जेवणाबाबत एकच सुचवते: त्यांचे वेगळे ताट बंद करा. घरात इतरांना झणझणीत कालवण आणि त्यांच्यापुढे अळणी भाजी, हे आजारापेक्षा जास्त बोचते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ सांगते, आणि ते सगळ्यांनाच लागू आहे. लोणचे, पापड, फरसाण आणि ताटात वरून घेतलेले मीठ आधी थांबले तर भाजीतल्या मिठावर लगेच भांडण करावे लागत नाही. तेल माणशी महिना अर्ध्या लिटरच्या आसपास ठेवा. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, उसळ हे तुमच्या घरात आहेच. कमी सोडियमचे म्हणून मिळणारे मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असते आणि हृदयाच्या काही औषधांसोबत ते चालत नाही.

त्यांच्या मनाविषयी तुम्ही फारसे लिहिलेले नाही. आयुष्यभर ज्याच्या अंगमेहनतीवर घर उभे राहिले, त्याला एका रात्रीत ‘हे उचलू नका, ते करू नका’ ऐकावे लागते, तेव्हा तो घाबरतो. आणि आपल्याकडच्या पुरुषांना भीती दाखवण्याची मुभा नसल्यामुळे ती रागाच्या रूपाने बाहेर येते. झटका येऊन गेलेल्या साधारण पाचांपैकी एका रुग्णाला उपचार लागावेत इतके नैराश्य येते. सलग दोन आठवडे त्यांना कशातच रस वाटला नाही, झोप-भूक गेली, ‘आता माझं काय राहिलं’ असे शब्द आले, तर तो स्वभाव समजून सोडून देऊ नका; डॉक्टरांना सांगा. पती-पत्नीच्या जवळिकीविषयीही अनेक जोडप्यांच्या मनात भीती असते आणि कोणीच विचारत नाही. त्यांना ते डॉक्टरांशी एकांतात बोलू द्या. एवढे लक्षात असू द्या की, लैंगिक क्षमतेसाठी मिळणाऱ्या गोळ्या आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी एकत्र आल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या खाली जातो.

पुन्हा दुखले तर काय करायचे, हे आजच ठरवा. त्या रात्रीचे तास सोड्यावर गेले, तसे पुन्हा जायला नकोत. छातीत दाब, जळजळ, जबड्यात किंवा हातात कळ, कारण नसताना घाम, अचानक दम, यांपैकी काहीही झाले तर त्यांनी सांगायचे, आणि सांगितल्याबद्दल घरात कोणी रडारड करायची नाही, असा करार करा. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल तर ती बसून घ्यायची, उभ्याने नाही. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर १०८ ला फोन. चोवीस तास अँजिओप्लास्टी होते असे जवळचे रुग्णालय कोणते, हे आधी विचारून क्रमांकासह भिंतीवर लिहा, आणि शेजारच्या वस्तीवरील दोघांना सांगून ठेवा. पेशंटने स्वतः गाडी चालवत जायचे नाही. हे एकदा ठरले की रात्री त्यांचा श्वास तपासत बसण्याची तुमची गरज, मला वाटते, थोडी कमी होईल.

तुमच्या मुलाला माझा निरोप द्या. दूर असलेल्या मुलाची काळजी मला समजते, पण आईला जाब विचारल्याने वडिलांची एकही गोळी पोटात जात नाही. त्याने वडिलांना थेट फोन करावा आणि आजारासोबत बागेविषयीही विचारावे. औषधे संपण्याआधी पोहोचवणे, विम्याची किंवा शासकीय योजनेची कागदपत्रे सांभाळणे आणि फेरतपासणीच्या दिवशी सुट्टी काढून हजर राहणे, ही तीन कामे त्याने आपल्याकडे घ्यावीत.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. त्यांना जगवण्याची सगळी जबाबदारी तुमच्या डोक्यावर आहे, असे तुम्ही आणि तुमच्या मुलाने न बोलता मान्य करून टाकले आहे. ते मला पटत नाही. हृदय त्यांचे आहे आणि ते सांभाळण्याचे कर्तव्यही आधी त्यांचे आहे. तुम्ही सोबत करू शकता, आठवण देऊ शकता, घराचे जेवण बदलू शकता. सगळे खरे सांगून, डॉक्टरांना भेटवूनही त्यांनी काही गोष्टी ऐकल्या नाहीत, तर तो तुमचा कमीपणा ठरत नाही. म्हणून सगळीकडे लढू नका. गोळ्या, रात्रीची मोटर आणि दुखले तर लगेच सांगणे, या तीन गोष्टी धरून ठेवा. तंबाखूसाठी मदतीचा मार्ग खुला ठेवा. बाकी हळूहळू होईल.

फेरतपासणीला जाल तेव्हा सीडी, गोळ्यांची पाकिटे, बागेतील कामांचा कागद आणि ‘गरम पडण्याची’ नोंद सोबत न्या. आणि त्याच दिवशी तुमचाही रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. तीन आठवडे धड न झोपलेल्या, नवरात्राचे उपवासही सोडायला तयार नसलेल्या चोपन्न वर्षांच्या बाईची तपासणी कोणीच केलेली नाही, असे तुमच्या पत्रावरून दिसते. बायकांमध्ये हृदयविकार अनेकदा नुसता थकवा, मळमळ किंवा धाप अशा रूपात येतो आणि दगदग म्हणून सोडून दिला जातो. तुम्हाला असे काही जाणवत असेल तर तेही त्याच डॉक्टरांना, त्याच भेटीत सांगा.